बकरम घातलेली बॉडी

बाईमाणसाच्या आतल्या कपड्याबद्दल पुरुषाने लिहू नये, असं आमच्या वेळी होतं. मीही तसंच मानत आलो. पण मी धंद्याने टेलर, आणि माझ्या हातून जे वाईट झालं ते एका कपड्यातूनच झालं. त्याचं नाव न घेता ते सांगायचं कसं? पोलक्याच्या आत घालतात त्याला आम्ही बॉडी म्हणायचो. माझ्या तोंडात अजून तोच शब्द आहे. शाळा माझी मराठी तिसरीपर्यंत झाली, त्यामुळे बोलतो तसंच लिहितोय. कुणाला खटकलं तर खटकू दे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झालेली. कल्याणात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एका ओटीवर पायमशीन, कापायचं टेबल, कोळशाची इस्त्री आणि भिंतीवर आरसा. पण गिऱ्हाईक बघा कसलं. रेल्वेचे गार्ड, तिकीट तपासनीस, स्टेशनातले बाबू. ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंतच्या लाइनीवर माझ्या हातचे कोट फिरत होते. पांढऱ्या ड्रिलचा कोट शिवावा तर मीच. खांद्यावर सुरकुती नाही, आणि मान हलली तरी कॉलर हलायची नाही. कॉलरच्या आत बकरम असतं ना, खळ देऊन ताठ केलेलं जाडंभरडं कापड, ते कुठे किती घालायचं हे मला बरोबर कळायचं. गिऱ्हाइकाला मी आरशासमोर उभं करायचो, खांदे मागे घ्यायला लावायचो, श्वास धरायला सांगायचो आणि मग फिटिंग बघायचो. कोट अंगावर नाही, अंग कोटात बसलं पाहिजे, अशी माझी समजूत होती.

बायकांचं मी शिवत नव्हतो. पाटीवरच तसं लिहून घेतलेलं. त्या वेळी टेलर बाईच्या अंगाला टेप लावत नसे. तिचा जुना पोलका कुणाच्या तरी हाती मापाला यायचा, त्यावरून नवा कापायचा. पद्धत मला ठाऊक होती, पण ते काम मला हलकं वाटायचं.

घर दुकानापासून दहा मिनिटांवर, चाळीत दोन खोल्या. आई, मी आणि बायको. बायको चिपळूणच्या खालच्या अंगाच्या एका गावातली. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि अडीच महिन्यांची मुलगी घेऊन श्रावणाच्या तोंडाला परत आली. मुलगी चांगली अंगाने भरलेली होती. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या सुनेला दूध भरपूर आहे हो, वरचा एक थेंब लागत नाही पोरीला.

चाळीत तेव्हा एक सिंधी बाई यायची. फाळणीनंतर कल्याणच्या कँपात सिंधी लोक येऊन राहिलेले, त्यांतलीच. पन्नाशीची असेल. डोक्यावर बोचकं, त्यात घरी शिवलेल्या बॉड्या, परकर, लहान मुलांची झबली. पुरुष कामावर गेले की दुपारची यायची आणि बायका दार लोटून माल बघायच्या. माझ्या बायकोने तिच्याकडून एक बॉडी घेतली. मला ते कळलं सकाळी नळावर. शेजारचा एकजण दात घासता घासता म्हणाला, "काय मास्तर, घरात टेलर असून मंडळी सिंधिणीचं शिवणकाम घालतात? तुमचं मशीन काय पूजेला ठेवलंय?" चार लोक हसले. मीही हसलो. पण डोक्यात ते जे शिरलं ते शिरलंच.

घरात येऊन मी बायकोला म्हटलं, ती वस्तू परत कर. आई तिथेच भाजी निवडत होती, म्हणून बायको हळू आवाजात बोलली. "मऊ आहे हो. पाजताना बरी पडते." मी म्हटलं, टेलरच्या बायकोने विकतचं घालायचं नाही, मी शिवून देतो. दुसऱ्या दिवशी आईने ती बॉडी त्या बाईला परत केली आणि बदल्यात मुलीसाठी झबलं घेतलं.

आता माप. बायकोला समोर उभी करून टेप लावावा हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. एक तर आई घरात. आणि दुसरं, तसं कधी कुणी केलेलं मी बघितलं नव्हतं. मी आईला म्हटलं, मापाला तिची एखादी जुनी बॉडी दे. आईने ट्रंकेतून काढून दिली. ती लग्नाच्या वेळची होती. लग्नात बायको सतरा वर्षांची, काडीसारखी. मधे तीन वर्षं गेलेली, एक मूल झालेलं, आणि ते मूल अंगावर पीत होतं. मला हे समजायला नको होतं काय? पोट सुटलेल्या गार्डाला मी जुना कोट मापाला आणू देत नव्हतो. पुन्हा ये, पुन्हा माप देतो म्हणायचो. घरच्या माणसाच्या बाबतीत मात्र मी दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच वाढवला आणि कात्री चालवली.

कापड घेतलं चांगलं पांढरं पॉपलीन, नवंकोरं. आणि आत घातलं बकरम. दोन पदर. कोटाच्या छातीत घालतात तसं. मला वाटलं, नुसत्या कापडाची बॉडी ती काय, तिला आकार नको? वर गोल गोल शिलाईच्या सहा ओळी मारल्या, पाठीला पाच हूक लावले. तीन दिवस लागले. तयार झाल्यावर टेबलावर ठेवली तर ती आपली आपण उभी राहिली. मी ती दोन-तीनदा फिरवून बघितली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

तिने घातली. मी विचारलं, कशी बसते? म्हणाली, बरी आहे. चार दिवसांनी पुन्हा विचारलं तर म्हणाली, बसते. मी ते कौतुक समजलो. आईने तर शेजारणीला बोलावून दाखवलीन. आमच्या मुलाने सुनेसाठी शिवली, असं म्हणून.

एक गोष्ट पुरुषांना कळत नाही, मलाही कळत नव्हती. बॉडी धुतली की ती उघड्यावर वाळत घालत नसत. दारामागे एक दोरी असायची, तिच्यावर बॉडी, आणि बॉडीवर पंचा, म्हणजे कुणाला दिसायला नको. मलमलीची बॉडी तशी वाळते. बकरमची कुठली वाळायला, तेही श्रावणाच्या दमट हवेत? ती आतून ओलीच राहायची. बाकीच्या जुन्या तिला होत नव्हत्या आणि सिंधिणीची मी परत करायला लावलेली. म्हणजे घालायला ती एकच. ती तशीच दमट चढवायची, मग दुपारपर्यंत अंगावरच ती सुकायची आणि खळ पुन्हा ताठ व्हायची. पाजायच्या वेळी पाठीचे पाच हूक काढायचे, पुन्हा लावायचे. हे सगळं मला नंतर कळलं, आणि तेही तिच्या तोंडून नाही.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. मी दुपारी जेवायला घरी आलो तर बायको भिंतीला टेकून बसलेली, अंगात ताप. मुलगी रडत होती. डाव्या बाजूला घेतली की तोंड फिरवायची. आई म्हणाली दूध साकळलंय, दृष्ट लागली, शेजारणीने तोंडभरून कौतुक केलं ना त्या दिवशी. मीठमोहऱ्या उतरवल्या. अळशीचं पोटीस केलं. बायको पोटीस बांधायची आणि वरून पुन्हा ती बॉडी घालायची, कारण पोटीस धरून ठेवायला घट्ट काहीतरी हवं असं आईचं म्हणणं. दोन दिवसांत डावी बाजू दगडासारखी झाली. हात वर होईना. तेव्हा कुठे मी नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या नर्सबाईला बोलवायला गेलो. बाई चाळीत तान्ह्या मुलांना बघायला यायच्याच. चाळिशीच्या असतील, विधवा, बोलायला फटकळ.

त्या आत गेल्या. मी बाहेरच्या खोलीत, मधे नुसता पडदा. आई पडद्याजवळ. मग बाई म्हणाल्या, "अगं, हे काय घातलंयस? हे चिलखत आहे. बघ, शिलाईच्या ओळी उमटल्यात अंगावर, मोजून घे. कुणी शिवलं हे?"

मी श्वास धरला. कोटाच्या फिटिंगला गिऱ्हाइकाला धरायला सांगायचो तसा.

बायको म्हणाली, "विकतची आहे, बाई. दारावर घेतली."

आईने माझ्याकडे बघितलं. मी उठून मुलीच्या पाळण्याची दोरी ओढायला लागलो. पाळण्यात मुलगी नव्हती, ती आत होती.

बाईंनी बाहेर येऊन सांगितलं की आत पू झालाय, डॉक्टरकडे न्या, आत्ताच. टांगा करून नेली. डॉक्टरांनी चीर दिली. पेनिसिलीन टोचलं. आणखी दोन दिवस काढले असते तर ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायची वेळ आली असती, असं ते म्हणाले. मी विचारलं, दूध? ते म्हणाले, उजव्या बाजूने पाजू दे. डाव्याचं काय होईल ते आज सांगता येत नाही, कदाचित राहील, कदाचित त्या बाजूचं कायमचं जाईल. मुलगी चार महिन्यांचीसुद्धा नव्हती. घरी येताना टांग्यात बायको डोळे मिटून होती आणि मुलगी माझ्या मांडीवर भुकेने ओरडत होती. त्या दिवसापासून तिला गाईचं दूध पाणी घालून द्यायला लागलो. ती ते ओकून टाकायची. आई वाटी-चमचा घेऊन बसायची आणि अधूनमधून माझ्याकडे बघायची.

दोन-तीन दिवसांनी सिंधी बाई माझ्या दुकानावर आली. नर्सबाईंनी चाळीत आणि आसपासच्या दोन गल्ल्यांत सांगितलेलं की दारावरच्या बॉड्या घेऊ नका, एका बाळंतिणीला ऑपरेशन लागलं. बायकांनी तिला दारातूनच परत पाठवली. तिने बोचकं माझ्या ओटीवर ठेवलं. समोर एक तिकीट तपासनीस कोट घालून उभा होता, मी त्याच्या बाहीला टाचण्या लावत होतो.

"मास्टरजी," ती म्हणाली, "सब बोलते मेरे माल से आपकी घरवाली बीमार हुई. मेरा माल तो आपने वापस किया था ना?"

मी म्हटलं, आत्ता गिऱ्हाईक आहे, नंतर ये.

ती थांबली. तपासनीस गेला तरी थांबली. मी मशीनवर बसलो आणि चालवायला लागलो, सुईत दोरासुद्धा होता की नाही मला आठवत नाही. थोड्या वेळाने तिने बोचक्याची गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली आणि ते उचलून निघून गेली. त्यानंतर ती आमच्या चाळीत आली नाही.

जखम भरायला महिना गेला. रोज पट्टी बदलायची. पट्टी जाग्यावर राहायला काहीतरी घालायला हवं आणि घालायला काहीच नाही. मी एकदा म्हणालो, मऊ कापड आणतो, बकरम न घालता शिवतो. ती म्हणाली, नको. एवढंच.

मग एका दुपारी मी घरी आलो तर ती खाली बसून माझं जुनं धोतर फाडत होती. विरत आलेलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. समोर वर्तमानपत्राचा कागद कापून ठेवलेला. माझा टेप खुंटीला लटकत होता, त्याला तिने हात लावला नव्हता. माप घ्यायला तिच्याकडे सुताचा एक तुकडा होता, त्याला जागोजाग गाठी मारलेल्या. एक गाठ खांद्याची, एक खालच्या पट्टीची, उजव्या बाजूची वेगळी आणि डाव्या बाजूची वेगळी. दोन्ही बाजू सारख्या नसतात हे मी तोवर ऐकलंही नव्हतं. कोटाला दोन्ही बाजू सारख्याच कापतात.

तिने कापड तिरपं धरून कापलं. मी उभ्या उभ्या म्हणालो, अगं, तिरपं कापलंस तर ताणेल ते. ती म्हणाली, ताणायलाच हवंय. सगळी शिलाई हातची, बारीक धावदोरा. आणि शिवणी बाहेरच्या अंगाला. म्हणजे शिवणीच्या आतल्या ज्या कडा आपण लपवतो, त्या तिने बाहेर काढल्या आणि वर पट्टी शिवून बसवल्या. मला हसू आलं. "उलटी शिवलीस की."

तिने मान वर केली नाही. "सुलट बाजू अंगाला," म्हणाली. "बाहेरची बाजू कोण बघणार आहे?"

पहिली तिने घातली आणि खाली वाकून पाट्यावर चटणी वाटली. खालची पट्टी वर सरकली. काढून उसवली. दुसरी घालून पिंपात पाणी भरलं, वरच्या फळीवरचा डबा काढला, मुलीला कडेवर घेऊन जिना चढली-उतरली. बगलेत काचलं. पुन्हा उसवली. आरसा आमच्या घरातही होता, ती त्याच्यासमोर एकदाही उभी राहिली नाही. तिसरी जमली. खांद्याचे पट्टे तीन बोटं रुंद, सपाट. हूक एकही नाही. जुन्या बायका चोळीला पुढे गाठ मारत तशी पुढे गाठ. दूध भरलं की सैल करायची, मूल पिऊन झालं की आवळायची. डाव्या बाजूला आतून एक कप्पा, त्यात पट्टीची घडी बसायची. अशा तिने तीन शिवल्या. आणि वाळत घालताना दारामागची दोरी सोडून मागच्या खिडकीत उन्हाला घातल्या, वर काही न झाकता. आई म्हणाली, "गो, लोक बघतील." ती म्हणाली, "बघू देत, आई. ओली घालून झाली एकदा."

पट्टी हलायची बंद झाली. जखम कोरडी पडत गेली. उजव्या बाजूचं दूध वाढलं आणि मुलगी त्याच्यावर तगली. डाव्या बाजूला ती रोज मुलीला थोडा वेळ लावून बघायची. काही यायचं नाही.

नर्सबाई जखम बघायला आल्या तेव्हा मी घरीच होतो. आतून बाहेर आल्या त्या खूश होऊन. म्हणाल्या, "मास्तर, छान शिवलीत हो बॉडी. इतका विचार करून शिवलेली मी बघितली नाही. आधीच शिवून दिली असतीत तर हे सगळं टळलं असतं."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी म्हणालो, "हो, जरा लक्ष घातलं यावेळी."

बाई पुढे म्हणाल्या, आंबिवलीला एक बाळंतीण आहे, तिचा नवरा तिथल्या गिरणीत आहे. तिलाही तसंच होऊ घातलंय, अजून पिकलेलं नाही. अशा दोन शिवून द्या, परवा मी तिकडे जाणार आहे. मी म्हटलं, देतो.

बाई गेल्यावर मी आत जाऊन बायकोला म्हटलं, तुझी एक दे, बघून घेतो. ती मुलीला थोपटत होती. म्हणाली, "तुम्हीच शिवा. तुम्हाला येतं ना."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलट बोललो असतो. मी दुकानात आलो, मलमल आणली आणि कापायला बसलो. सुरेख कोट शिवणारा माणूस मी. तिरपं कापड मशीनच्या दातांखाली घातलं की ताणायचं, आणि शिलाई संपली की ठिकठिकाणी चुण्या पडायच्या. हाताने शिवायला घेतलं तर हाताला सवय जाड कापडाची, टाका ओढला की मलमल फाटायची. शिवणी बाहेर काढायच्या हे ठाऊक असूनही एकदा सवयीने आत घेतल्या आणि सगळं झाल्यावर लक्षात आलं. आणि माप कुणाचं? त्या आंबिवलीच्या बाईला मी बघितलेलंसुद्धा नाही. गाठ सैल-घट्ट करता आली तर मापाची तितकी अडचण राहत नाही, हे बायकोने का केलं ते तेव्हा उमगलं. पण ती गाठ कुठे येते, पट्टी कुठून वळते, ते काही माझ्या हातात येईना. दोन दिवसांत तीन बिघडवल्या. तिन्ही टेबलाखाली कोंबल्या.

ठरल्या दिवशी बाई घरी आल्या. मी जेवून नुकताच उठलेलो. म्हटलं, "बाई, दुकानात कामाची गर्दी फार. नाही जमलं."

बाईंचा चेहरा पडला. "मास्तर, तिला कालपासून ताप आहे. तुमच्या घरात झालंय म्हणून तुम्हाला सांगितलं. बरं, बघते दुसरं काही."

त्या वळल्या आणि पडदा सरकला. बायको बाहेर आली. परक्यासमोर ती सहसा बाहेरच्या खोलीत यायची नाही. तिच्या हातात दोन बॉड्या होत्या, घडी घातलेल्या. दोन दुपारी दार लावून शिवलेल्या. मी शिवतोय की नाही, शिवली तर कशी शिवतोय, आणि नाही शिवली तर काय सांगतोय, ते ऐकायला ती थांबलेली.

तिने त्या बाईंच्या हातात दिल्या. "ह्या घ्या. गाठ पुढे येते, तिला सांगा, रात्री सैल करून झोप. आणि बाई, ह्या मी शिवल्यात. माझ्या अंगात बघितलीत तीही मीच शिवलेली. आणि ती पहिली, बकरमची, ती विकतची नव्हती. त्या सिंधी बाईला उगाच बोल लागला."

आई म्हणाली, "सूनबाई." म्हणजे पुरे. पण तिचं बोलून झालेलं होतं.

पहिली कुणी शिवली ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती, चाळीत बकरम दुसऱ्या कुणाकडे होतं? बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर?"

मी म्हणालो, दुकान उघडं टाकून आलोय. आणि चपला घालून निघून गेलो. दुकान बंद होतं, किल्ली माझ्या खिशात होती.

आंबिवलीच्या बाईला चीर द्यावी लागली नाही. हे मला आईकडून कळलं. नर्सबाईंनी सिंधी बाईला शोधून सांगितलं म्हणे, की पुन्हा चाळीत येत जा, चूक माझी झाली. ती आली नाही. चूक नर्सबाईंची नव्हती, पण माफी मागितली ती त्यांनीच. पुढे मला ती बाई एकदा स्टेशनाबाहेर दिसली, माल मांडून बसलेली. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेलो.

घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही. बायको माझ्याशी नीट वागायची, जेवायला वाढायची, मुलीचं काय काय सांगायची. मी एकदा नवी कात्री आणून तिच्यापुढे ठेवली. ती वापरायला लागली. तिच्याकडे दुपारी बायका यायला लागल्या, बाळंतिणी जास्त करून, आणि ती त्यांना गाठींच्या सुताने माप घ्यायला शिकवायची. मी घरात असलो की त्या येत नसत. मी माझे कोट शिवत राहिलो. कुणी विचारलं, मास्तर, तुमच्या घरी बायकांचं चांगलं शिवतात म्हणे, तर मी म्हणायचो, मला त्यातलं काही माहीत नाही. ते खरंही होतं आणि त्यात मिजासही होती.

तीन वर्षांनी मुलगा झाला. या वेळी ती माहेरी गेली नाही. मुलगा सव्वा महिन्याचा असताना एका रविवारी मी घरीच एका गार्डाच्या कोटाला बटणं लावत बसलेलो, ती माझ्याकडे पाठ करून मुलाला पाजत होती. आई देवळात गेलेली. तिने मुलाला डाव्या बाजूला घेतलं. तो थोडा वेळ ओढत राहिला आणि मग रडायला लागला. तिने त्याला थोपटलं, पुन्हा लावलं. पुन्हा रडला. असं तीन-चार वेळा झालं. डॉक्टरांनी कदाचित म्हटलेलं, आणि ती तीन वर्षं त्या कदाचितवर थांबलेली, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

मी सुई कोटात टोचून ठेवली. "ते माझ्या हातून झालं," मी म्हणालो.

इतकी वर्षं मी ते कुणापुढे बोललो नव्हतो. तिच्यापुढेही नाही.

तिने गाठ सैल केली, मुलाला उचलून उजव्या बाजूला घेतलं. रडणं थांबलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "तो पितोय."